क्रेस्टल मार्गाने सायनस लिफ्ट: पीआरएफ वापरून, टप्प्याटप्प्याने

वरच्या दाढा काढून काही वर्षे झाली की त्या जागचे हाड दोन्हीकडून कमी होत जाते. खालून रिज, म्हणजे दात काढल्यावर उरलेला हाडाचा कडा, झिजते आणि वरून सायनस, म्हणजे गालाच्या हाडातली हवेची पोकळी, खाली उतरतो. उरलेल्या चार-सहा मिमी मऊ हाडात दहा मिमीचा इम्प्लांट, म्हणजे दाताच्या मुळाच्या जागी बसवायचा स्क्रू, मावत नाही. म्हणून सायनसचा पडदा वर उचलून त्याखाली जागा करायची, एवढीच सायनस लिफ्टची कल्पना. टेटम यांनी ती १९७० च्या दशकात मांडली, बॉइन आणि जेम्स यांचा लेख १९८० साली आला आणि पुढे गालाच्या बाजूने हाडात खिडकी पाडण्याची पद्धत रूढ झाली. १९९४ साली समर्स यांनी ऑस्टिओटोम, म्हणजे ठोकून हाड सरकवण्याची दांडी, वापरून रिजच्या माथ्यातूनच, म्हणजे इम्प्लांटसाठी पाडलेल्या भोकातूनच, सायनसचा तळ वर ढकलून दाखवला. हाच क्रेस्टल मार्ग. आज कमी छेदाच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बहुतेक पद्धती याच वाटेने जातात. तळ कशाने फोडायचा आणि पडदा कशाने उचलायचा, एवढाच त्यांच्यातला फरक.

सूज कमी, टाके कमी, वेळ कमी, हे सगळे खरे. पण या वाटेने पडदा दिसत नाही. खिडकीतून काम करताना तो फाटला तर डोळ्यांसमोर फाटतो. साडेतीन मिमीच्या भोकातून तो फाटल्याचे कळतही नाही आणि आपण ग्राफ्ट, म्हणजे हाडाच्या जागी भरायचे कण, भरत राहतो. म्हणून पुढच्या प्रत्येक टप्प्याला पडद्याची अवस्था न पाहता कशी ओळखायची, हे आधीच ठरवलेले हवे. इम्प्लांटचे प्रशिक्षण घेतलेल्या आणि खिडकीची पद्धतही हातात असलेल्या दंतवैद्यांसाठी हे लिहिले आहे. क्रेस्टल लिफ्ट येते पण खिडकी येत नाही, अशा अवस्थेत या कामाला हात घालू नये, कारण अडचण आली की बाहेर पडण्याचा रस्ता बहुतेक वेळा खिडकीतूनच असतो.

लिफ्ट लागते का, आणि कोणती

उरलेले हाड ६ ते ७ मिमी असेल तर पहिला विचार ६ मिमीच्या लहान इम्प्लांटचा करावा. चावण्याचा ताण फार नसेल आणि रुंदी पुरेशी असेल तर सायनसला हात लावण्याची गरजच उरत नाही. कमीत कमी छेदाचा उपाय तोच, पण तो अनेकदा विसरला जातो.

५ ते ८ मिमी हाड आणि ३-४ मिमीची वाढ हवी असेल तर क्रेस्टल मार्ग सर्वांत खात्रीचा. ४ ते ५ मिमी हाडातही तो जमतो, पण तिथे इम्प्लांटची पकड मिळवणे हेच मोठे काम होऊन बसते. ४ मिमीच्या खाली, किंवा ५ मिमीपेक्षा जास्त उंची वाढवायची असेल, तर खिडकी पाडावी आणि गरज वाटल्यास इम्प्लांट नंतरच्या टप्प्यात बसवावा. त्याहून कमी हाडात क्रेस्टल लिफ्ट यशस्वी झाल्याची उदाहरणे आहेत, परंतु ती अनुभवी हातांची आहेत.

उंचीइतकाच महत्त्वाचा, पण कमी मोजला जाणारा आकडा म्हणजे सायनसची गाल-टाळू रुंदी. नवे हाड पडद्यातून फारसे येत नाही, ते सायनसच्या हाडाच्या भिंतींवरून आत वाढत येते. भिंती जवळ असतील तर पोकळी लवकर भरते. तळापासून वर जिथपर्यंत लिफ्ट करायची त्या पातळीवर रुंदी १२ मिमीच्या आत असेल तर क्रेस्टल लिफ्ट चांगली भरून येते. १५ मिमीच्या पुढे मात्र मधला भाग कित्येक महिने कच्चाच राहतो. अशा रुंद सायनसमध्ये नुसत्या पीआरएफवर (पेशंटच्या रक्तातून बनवलेल्या गुठळीवर) भिस्त ठेवू नये.

सीबीसीटीवर (जबड्याच्या त्रिमितीय स्कॅनवर) काय काय पाहायचे

ठरलेल्या जागी उंची एकाच रेषेत मोजून भागत नाही. मध्यभागी, गालाकडे, टाळूकडे, पुढे आणि मागे अशी पाच ठिकाणी मोजावी आणि त्यातली सर्वांत कमी उंची ही ड्रिलची मर्यादा धरावी. तळ तिरका असेल तर एका बाजूला ७ मिमी आणि दुसऱ्या बाजूला ४.५ मिमी सहज निघतात. सरासरी धरून ड्रिल केले की उथळ बाजूचा पडदा पहिल्याच फेरीत जातो.

पडद्याची जाडी निरोगी माणसात साधारण १ मिमीच्या आसपास असते. सीबीसीटीवर तो दिसतच नसेल तर पातळ आहे असे समजून चालावे. २ मिमीपर्यंत एकसारखा जाड पडदा उलट सोयीचा, पण फार सुजलेला पडदा ठिसूळ असतो. घुमटासारखी गोल, कडा स्वच्छ असलेली रिटेन्शन सिस्ट (पडद्यातली स्रावाची गाठ) ही आपोआप नकार देण्याची बाब नाही. ऑस्टियम, म्हणजे सायनसचा नाकात निचरा होण्याचे छिद्र, मात्र पाहिलाच पाहिजे. तो मधल्या भिंतीवर, तळापासून बराच वर असतो, त्यामुळे फक्त जबड्यापुरता घेतलेला लहान स्कॅन इथे अपुरा पडतो. ऑस्टियम बंद असेल, सायनसमध्ये द्रवाची पातळी दिसत असेल किंवा पडदा वेडावाकडा जाड झाला असेल तर आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांचे मत घ्यावे. निचरा बंद असलेल्या सायनसचा पडदा उचलला की साधी सूजही संसर्गात बदलते.

सेप्टम, म्हणजे सायनसच्या तळावरची हाडाची आडभिंत, साधारण दर तीन सायनसमागे एकात सापडते. नेमक्या सेप्टमखाली ऑस्टिओटोम लावला तर तळ फुटत नाही, ठोके वाढत जातात आणि शेवटी पडदा कडेला फाटतो. शक्य असेल तर इम्प्लांट दोन-तीन मिमी पुढेमागे सरकवावा.

कोणाला थांबवायचे

चालू सायनुसायटिस, शिरेतून दिलेली बिस्फॉस्फोनेट औषधे, जबड्याला झालेली रेडिओथेरपी आणि आटोक्यात नसलेला मधुमेह असेल तर काम पुढे ढकलावे किंवा दुसरा मार्ग शोधावा. जास्त धूम्रपान करणाऱ्यांत पडदा आणि जखम दोन्ही दगा देतात. रक्त पातळ करणारी औषधे स्वतःच्या मनाने बंद करू नयेत, ती देणाऱ्या डॉक्टरांशी बोलावे. पीआरएफवर या औषधांचा काय परिणाम होतो ते पुढे येईलच.

पीआरएफ: काय करते, काय करत नाही

पीआरएफ म्हणजे पेशंटच्याच रक्तातून, कुठलेही रसायन न घालता, सेंट्रिफ्यूजमध्ये तयार झालेली फायब्रिनची गुठळी. तिच्यात प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी अडकलेल्या असतात आणि त्यांच्यातून पीडीजीएफ, टीजीएफ-बीटा, व्हीईजीएफ यांसारखे वाढीचे घटक एकदोन आठवडे हळूहळू सुटत राहतात. शौक्रून आणि सहकाऱ्यांनी ही पद्धत २००१ साली मांडली. सायनसमध्ये तिचे दोन उपयोग खरे महत्त्वाचे. पहिला, ती पडद्याखाली मऊ गादी म्हणून काम करते, त्यामुळे ग्राफ्टचे टोकदार कण किंवा इम्प्लांटचे टोक थेट पडद्याला टोचत नाही. दुसरा, लहानशी फट असेल तर ती झाकते. हाड लवकर पक्के व्हायला तिची मदत होते, पण शेवटी मिळणारे हाड तिच्यामुळे खूप वाढते असे छातीठोकपणे सांगता येत नाही. पेशंटला सांगतानाही इतकेच सांगावे.

इम्प्लांट त्याच बैठकीत बसवायचा असेल आणि वाढ ३-४ मिमीच हवी असेल, तर नुसते पीआरएफही चालते. इम्प्लांटचे टोक तंबूच्या खांबासारखे पडदा वर धरून ठेवते आणि खालची जागा गुठळीने भरते. इम्प्लांट न बसवता नुसते पीआरएफ भरले तर काही आठवड्यांत ते विरघळते आणि पडदा पुन्हा खाली येतो.

तयारी अशी. ९ ते १० मिलीच्या, अँटिकोॲग्युलंट (रक्त गोठू न देणारे रसायन) नसलेल्या काचेच्या नळ्या घ्याव्यात. एका इम्प्लांटसाठी चार पुरतात: तीन गुठळीसाठी आणि एक प्लास्टिकची, द्रव पीआरएफसाठी. २१ गेजच्या बटरफ्लाय सुईने रक्त घ्यावे. पहिली नळी भरल्यापासून सेंट्रिफ्यूज सुरू होईपर्यंत ६० ते ९० सेकंदांहून जास्त वेळ जाऊ नये. त्यानंतर रक्त नळीतच गोठायला लागते आणि पेशी एका भागात गोळा होण्याऐवजी विखुरतात. म्हणून सेंट्रिफ्यूज खुर्चीजवळच हवे आणि समोरासमोरच्या नळ्या आधीच ठरलेल्या हव्यात.

मूळ एल-पीआरएफची पद्धत २७०० आरपीएमवर १२ मिनिटे, ए-पीआरएफ प्लसची १३०० आरपीएमवर ८ मिनिटे, आणि द्रव पीआरएफची ७०० आरपीएमवर ३ मिनिटे. नेमकी चूक इथे होते: हे आकडे विशिष्ट यंत्रांचे आहेत. पेशींवर पडणारा जोर रोटरच्या त्रिज्येवरही ठरतो. तो काढायचा तर त्रिज्या सेंटिमीटरमध्ये घेऊन आरपीएमच्या वर्गाने गुणावी आणि आलेल्या संख्येला ०.००००१११८ ने गुणावे. २७०० आरपीएम आणि ५ सेमी त्रिज्या असेल तर उत्तर सुमारे ४०० जी येते. त्रिज्या ८ सेमी असेल तर त्याच आरपीएमवर ते ६५० जीच्या वर जाते, आणि मिळणारी गुठळी लहान, घट्ट आणि पेशींना पारखी असते. आपल्या यंत्राची त्रिज्या एकदा मोजावी, आरपीएम त्यानुसार ठरवावे आणि ती चिठ्ठी यंत्रावर चिकटवून ठेवावी.

रक्त पातळ करणारी औषधे चालू असलेल्या पेशंटमध्ये गुठळी सैल बनते. तिथे एल-पीआरएफसाठी १२ ऐवजी १८ मिनिटे द्यावीत. नळ्या फ्रिजमधून काढून लगेच वापरल्या तरी गुठळी लहान येते, म्हणून नळ्या खोलीच्या तापमानालाच ठेवाव्यात. सिलिकाचा लेप असलेल्या प्लास्टिक नळ्या पीआरएफसाठी टाळाव्यात, कारण सिलिकाचे कण गुठळीत उतरतात.

यंत्र थांबल्यावर झाकण काढून नळ्या चार-पाच मिनिटे उभ्या ठेवाव्यात. पिवळसर गुठळी चिमट्याने उचलून लाल भाग कात्रीने वेगळा करावा, पण सीमेवरचा मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा लाल थर गुठळीलाच राहू द्यावा, कारण पेशींची दाटी त्या सीमेवरच जास्त असते. गुठळ्या पेटीत ठेवून, नुसत्या झाकणाच्या वजनाने, साधारण १ मिमी जाडीच्या होईपर्यंत दाबाव्यात. हीच पीआरएफ मेम्ब्रेन. जोरात पिळू नये. पेटीच्या तळाला जमा झालेले पाणी टाकू नये, ग्राफ्ट भिजवायला ते कामी येते.

स्टिकी बोन

ग्राफ्ट वापरायचा असेल तर कण ०.२५ ते १ मिमीचे घ्यावेत. मोठे कण भोकात अडकतात. गाईच्या हाडापासून बनवलेल्या डीबीबीएमचे कण फार हळू विरघळतात, त्यामुळे मिळवलेली उंची टिकते. बीटा-टीसीपी हा कृत्रिम ग्राफ्ट लवकर विरघळतो आणि उंची जास्त घटते. अशा कामात अर्धा ग्रॅम ग्राफ्टही बहुतेक वेळा उरतो.

अर्ध्या ग्रॅम कणांत बारीक कातरलेली एक ते दोन पीआरएफ मेम्ब्रेन मिसळावी आणि त्यावर साधारण १ मिली द्रव पीआरएफ सोडावे. पाचेक मिनिटांत कण एकमेकांना धरून बसतात, हेच स्टिकी बोन. खिडकीच्या कामात याचा एकसंध गोळा हवा असतो. क्रेस्टल कामात मात्र गोळा घट्ट होण्याआधीच, ओलसर भुग्यासारखा असताना वापरावा, नाहीतर साडेतीन मिमीच्या भोकातून तो जातच नाही. द्रव पीआरएफ काही मिनिटांतच गोठायला लागते, त्यामुळे ते शस्त्रक्रियेच्या सुरुवातीला नव्हे, तळ मोकळा झाल्यावर काढावे. त्यासाठीचे रक्त वेगळ्या नळीत शेवटी घेऊन लगेच फिरवणे सर्वांत सोयीचे.

किती ग्राफ्ट लागेल याचा अंदाज आधी करता येतो. उचललेला पडदा गोलाच्या टोपीसारखा धरला तर ३ मिमी उंची आणि ४.५ मिमी त्रिज्येला सुमारे ०.१ मिली, ४ मिमी उंची आणि ५ मिमी त्रिज्येला ०.२ मिली, तर ५ मिमी उंची आणि ६ मिमी त्रिज्येला ०.३५ मिली जागा होते. त्यातली थोडी जागा इम्प्लांट स्वतः व्यापतो, ४.३ मिमी व्यासाचा इम्प्लांट ४ मिमी वर गेला तर सुमारे ०.०६ मिली. म्हणजे चार मिमीच्या लिफ्टला ०.१५ मिलीच्या आसपास ग्राफ्ट पुरतो. त्याच्या दुप्पट सहज आत जात असेल आणि हाताला काहीच अडथळा लागत नसेल, तर ग्राफ्ट पडद्याखाली जात नाही, सायनसमध्ये पडतो आहे असे समजावे.

शस्त्रक्रिया

पेनिसिलिनची ॲलर्जी नसेल तर तासभर आधी ॲमॉक्सिसिलिन २ ग्रॅम, आणि ०.१२ ते ०.२ टक्के क्लोरहेक्सिडिनने एक मिनिट चूळ. भुलीसाठी गालाकडून आणि टाळूकडून इन्फिल्ट्रेशन (जागच्या जागी दिलेले इंजेक्शन) पुरते. पेशंटला अर्धवट बसते ठेवावे. ऑस्टिओटोम वापरायचा असेल तर मान मागे पूर्ण टाकू नये.

फ्लॅपशिवाय, म्हणजे हिरडी कापून बाजूला न करता, काम करण्याचा मोह होतो, पण त्यात मोजमापाची मोठी चूक लपलेली आहे. सीबीसीटीवरची उंची हाडाच्या माथ्यापासून असते, आणि फ्लॅपशिवाय ड्रिलवरची खूण हिरडीच्या माथ्यापासून वाचली जाते. हिरडी २ ते ४ मिमी जाड असते. तिची जाडी सुईने मोजून त्यात मिळवली नाही तर ड्रिल भलत्याच ठिकाणी थांबते. सुरुवातीच्या काही केसेसमध्ये छोटा फ्लॅप घेतलेला बरा. दुसरी लपलेली चूक ड्रिलच्या टोकाची. अनेक संचांत खुणेच्या मोजमापात टोक धरलेले नसते आणि ते खुणेपुढे अर्धा-एक मिमी जाते. आपल्या संचाच्या पुस्तिकेत ते पाहून घ्यावे.

पायलट ड्रिल तळाच्या १ मिमी अलीकडे थांबवावे. स्टॉपर लावावाच, हाताच्या अंदाजावर सोडू नये. तिथे डेप्थ गेज ठेवून पेरिॲपिकल एक्स-रे घ्यावा. ही पहिली तपासणी, आणि ती चुकवू नये. उरलेले हाड ५ मिमीच्या आसपास असेल तर पायलट ड्रिल वगळून थेट डेन्सिफिकेशन बरने (हाड न कापता बाजूला दाबणाऱ्या, पुढे येईल) सुरुवात करणे जास्त सुरक्षित.

यापुढे तीन रस्ते आहेत.

ऑस्टिओटोम: आतल्या बाजूला वाटीसारखे टोक असलेला, भोकाच्या व्यासाचा ऑस्टिओटोम तळाला टेकवून हलके, छोटे ठोके. तळ तुटला की आवाज बदलतो, टणक टकटक जाऊन बोदा होतो, आणि हाताला किंचित ढिलाई जाणवते. तिथेच थांबावे. ऑस्टिओटोमचे टोक स्वतः तळाच्या पुढे न्यायचे नाही. पुढे जायचे ते पीआरएफ किंवा ग्राफ्ट, ऑस्टिओटोम फक्त त्यांना मागून ढकलतो. दहा-बारा ठोक्यांत तळ हलला नाही तर जोर वाढवू नये. खाली सेप्टम आहे किंवा मोजमाप चुकले आहे, पुन्हा एक्स-रे घ्यावा. ठोक्यांचा आणखी एक तोटा आहे: काही पेशंटना नंतर उठता-बसताना गरगरते. कानातले कण जागचे हलल्याने होणारी ही पोझिशनल चक्कर एप्लीच्या हालचालींनी (डोके ठरावीक क्रमाने वळवण्याने) बरी होते, पण आधी सांगितले नसेल तर पेशंट घाबरून जातो.

डेन्सिफिकेशन बर: हे बर उलटे, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध, ८०० ते १५०० आरपीएमवर आणि भरपूर पाण्यात फिरवले की हाड कापत नाहीत, बाजूला दाबतात. मऊ हाडात यामुळे पकडही सुधारते. २ मिमीचा बर तळापर्यंत नेला की हाताला स्पष्ट अडथळा लागतो. पुढच्या व्यासाचे बर वरखाली, टेकवत-उचलत, तळापुढे एका वेळी १ मिमी असे न्यावेत आणि एकूण ३ मिमीच्या पुढे जाऊ नये. सलग दाबून धरले तर पाणी पुढे पोहोचत नाही, हाड तापते, आणि हाडाचा ओला भुगा पडदा उचलण्याऐवजी भोकातच घट्ट बसतो. तिरक्या तळासाठी आमची पसंती याच पद्धतीला आहे.

पाण्याचा दाब: उलट्या शंकूच्या टोकाचे विशेष ड्रिल स्टॉपर बदलत एकेक मिमी पुढे नेऊन तळ मोकळा करायचा, मग भोकाला घट्ट बसणारे तोंड लावून १ मिलीच्या सिरिंजने सलाइन सोडायचे. ०.२ ते ०.३ मिली हळू आत, तेवढेच परत बाहेर, असे दोन-तीन वेळा. या पद्धतीचा मोठा फायदा म्हणजे पडद्याची परीक्षा आपोआप होते. जितके सोडले तितके परत आले आणि त्यात रक्ताची छटा दिसली, तर पडदा शाबूत आहे. कमी परत आले, नाकात पाणी उतरले किंवा घशात खारट चव लागली तर तो फाटला. सिरिंज दाबूनही पाणी जात नसेल तर तळ अजून मोकळा झालेला नाही. सिरिंजवर जोर करणे हा त्यावरचा उपाय नाही, कारण साठलेला दाब एका क्षणात सुटतो आणि पडदा फाडतो. कडेने पाणी गळत असेल तर तोंड नीट बसलेले नाही, तेव्हाची परीक्षा ग्राह्य धरू नये.

पिएझोची, म्हणजे अतिसूक्ष्म कंपनांनी चालणाऱ्या यंत्राची, टोकेही तळ मोकळा करायला वापरतात. ती हाड कापतात, मऊ पडदा सहसा सोडतात, पण वेळ जास्त लागतो.

तळ मोकळा झाल्यावर पडद्याची दुसरी तपासणी. नाक चिमटीत धरून पेशंटला अगदी हलकेच हवा सोडायला सांगतात आणि भोकात बुडबुडे येतात का, ते पाहतात. पेशंट उत्साहाने जोरात फुंकतो आणि शाबूत पडदा त्या दाबानेच फाटतो, म्हणून या परीक्षेवर आमचा फारसा भर नाही. त्याऐवजी भोकात साचलेले रक्त श्वासाबरोबर हळूच वरखाली होते का, ते भिंगातून पाहावे. ही हालचाल दिसली तर पडदा मोकळा आणि शाबूत असल्याची ती चांगली खूण. बुडबुडे दिसले तर फाटला.

आता भरणे. पीआरएफ मेम्ब्रेनची घडी घालून भोकाच्या व्यासाची गुंडाळी करावी आणि बोथट टोकाच्या साधनाने तळापुढे १ मिमी ढकलावी. तिच्यामागे दुसरी. या दोन गुंडाळ्या म्हणजे पडद्याखालची गादी. ग्राफ्ट वापरायचा असेल तर त्यानंतर, एका वेळी छोट्या चमच्याएवढा. डेन्सिफिकेशन बर असेल तर पाणी बंद करून, १५० ते २०० आरपीएमवर उलट्या दिशेने, तो ग्राफ्ट हळूच वर सरकवतो. प्रत्येक दोन-तीन भरणींनंतर एक्स-रे. तळावर घुमटासारखी, कडा स्वच्छ असलेली सावली दिसली पाहिजे. विखुरलेले ठिपके दिसले तर भरणे तिथेच थांबवावे.

इम्प्लांट बसवताना मुद्दाम एक पायरी कमी ड्रिल केलेले असावे. निमुळता, खरखरीत पृष्ठभागाचा, थोड्या रुंद मानेचा इम्प्लांट मऊ हाडात चांगला धरतो. टॉर्क, म्हणजे इम्प्लांट फिरवून बसवताना लागणारा जोर, ३० एनसीएमच्या (न्यूटन-सेंटिमीटर) आसपास आला तर हीलिंग ॲबटमेंट (हिरडीबाहेर राहणारी टोपी) लावता येते. १५-२० च्या खाली असेल तर कव्हर स्क्रू लावून हिरडीखाली गाडावा. इम्प्लांट स्वतःहून फिरत असेल आणि खालचे हाड ४ मिमीच असेल, तर तो काढून ग्राफ्टसह बंद करणे शहाणपणाचे. सैल इम्प्लांट पुढच्या काही आठवड्यांत सायनसमध्ये सरकू शकतो. उरलेली पीआरएफ मेम्ब्रेन हिरडीखाली पसरून ४-० किंवा ५-० टाक्यांनी, ताण न देता बंद करावे.

पडदा फाटला तर

फट लहान, दोनेक मिमीची आहे असा अंदाज असेल, तर सुटे कण अजिबात भरायचे नाहीत. पीआरएफ मेम्ब्रेनचे दोन-तीन थर वर ढकलावे आणि लहान इम्प्लांट, सायनसमध्ये २ मिमीपेक्षा जास्त न शिरणारा, पुरेशी पकड मिळत असेल तरच बसवावा. एवढे टोक बहुतेक वेळा पुन्हा पडद्याने झाकले जाते. फट मोठी असेल किंवा तिचा अंदाजच येत नसेल, तर दोनच पर्याय: खिडकी पाडून दुरुस्ती, किंवा बंद करून तीन-चार महिने थांबणे. भोकातूनच फट शोधत साधने फिरवत बसण्याने ती फक्त मोठी होते.

इम्प्लांट सायनसमध्ये पडला तर तोच नियम. त्याच भोकातून सक्शन घालून तो ओढण्याचा प्रयत्न करू नये. पेशंटला सांगावे, सीबीसीटीवर जागा पाहावी आणि खिडकीतून किंवा एंडोस्कोपने काढण्याची व्यवस्था करावी. लक्षणे नाहीत म्हणून तसाच सोडू नये.

घरी पाठवताना

दोन आठवडे नाक शिंकरायचे नाही. शिंक आली तर तोंड उघडे ठेवून शिंकावे. स्ट्रॉने पिणे, फुगे फुगवणे, फुंकून वाजवायची वाद्ये आणि विमानप्रवास टाळावा, पाण्याखाली सूर मारणे तर त्याहूनही जास्त काळ. धूम्रपान पूर्ण बंद. पहिले एक-दोन दिवस नाकातून थोडे रक्त आले तर घाबरू नये. नाक चोंदले असेल तर झायलोमेटाझोलिनचे थेंब तीन ते पाच दिवस, त्यापुढे नाही, कारण नंतर नाक उलट जास्त चोंदते. कोणती लक्षणे दिसली की फोन करायचा हे लिहून द्यावे: वाढत जाणारी सूज, नाकातून दुर्गंधीचा स्राव, पुढे वाकल्यावर गाल जड होणे, किंवा ग्राफ्टचे कण नाकातून येणे. हा संसर्ग पहिल्या आठवड्यात दिसू शकतो, तसाच तीन-चार आठवड्यांनीही. अँटिबायोटिकने दोन-तीन दिवसांत उतार नाही पडला तर ग्राफ्ट काढून टाकण्याचा निर्णय लांबवू नये.

टाके सात ते दहा दिवसांनी. पहिल्या आठवड्यात सीबीसीटी घेतला तर पडदा बराच सुजलेला दिसतो. ही सूज बहुतेकांत आपोआप उतरते, तिला सायनुसायटिस समजून औषधांचा मारा करू नये.

दाताचा भार देण्यासाठी ग्राफ्ट भरलेल्या आणि ५ मिमीच्या पुढे हाड असलेल्या केसमध्ये चार ते पाच महिने, त्याहून कमी हाडात किंवा नुसते पीआरएफ वापरले असेल तर सहा महिने थांबावे. ॲबटमेंट घट्ट करण्यापूर्वी आयएसक्यू (इम्प्लांट किती पक्का आहे ते सांगणारा आकडा) ६५ ते ७० च्या वर आहे का, ते पाहावे. त्याखाली असेल तर तात्पुरता प्लास्टिकचा क्राउन, चावताना समोरच्या खालच्या दाताला हलकेच टेकेल असा, दोन-तीन महिने ठेवून पुन्हा मोजावे. वर्षभरानंतरच्या एक्स-रेमध्ये घुमट पहिल्यापेक्षा बसका आणि तळाची रेषा इम्प्लांटच्या टोकाच्या जवळ आलेली दिसते. टोक अजून हाडात आहे आणि मानेजवळचे हाड टिकलेले आहे तोवर त्यात काही करायचे नसते.